हेम्प बियांच्या तेलाचा व्यवसाय कायदेशीर असूनही बँक हात आखडता घेते: काय करावे?

घाणा_लातूर

नमस्कार. लातूर जिल्ह्यात आमचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे. करडई, शेंगदाणा, जवस आणि तीळ ही आमची नेहमीची तेले असून गेल्या वर्षापासून उत्तराखंडातील एका पुरवठादाराकडून हेम्पचे (गांजाच्याच जातीच्या, पण नशा आणणारा घटक अत्यल्प असलेल्या झाडाचे) बी मागवून त्याचेही तेल काढतो आणि उरलेल्या पेंडीचे पीठ करून विकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यात हे दोन्ही पदार्थ रीतसर नोंदवलेले आहेत, जीएसटी नियमित भरला जातो आणि खरेदी-विक्रीचे प्रत्येक बिल उपलब्ध आहे.

अडचण अशी की, कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणापूर्वी बँकेचे अधिकारी माल तपासणीसाठी आले असता गोदामात करडईच्या थप्पीशेजारी ठेवलेल्या हेम्पच्या पोत्यांचे फोटो त्यांनी काढले. पुरवठादाराने त्या पोत्यांवर सात बोटांचे हिरवे पान मोठ्या आकारात छापलेले आहे. त्यानंतर नूतनीकरण थांबले. शाखेत विचारले की "वरून उत्तर आलेले नाही" असे सांगतात आणि खासगीत "खाते दुसरीकडे हलवलेत तर बरे" असे सुचवतात. लेखी काहीच देत नाहीत. दुसऱ्या एका बँकेने अर्जातील व्यवसायाचे वर्णन वाचूनच नकार दिला आणि संकेतस्थळावरील पेमेंट गेटवेही बंद झाला.

माझे प्रश्न असे आहेत. बियांचा व्यापार खरोखरच कायद्याच्या कचाट्यात येतो का? येत नसेल, तर बँकेला भीती कशाची वाटते? आणि अमेरिकेत तर गांजाची दुकाने उघडपणे चालतात असे वाचतो. तेथील दुकानदार बँकेचे व्यवहार कसे करतात आणि त्यातून आपल्याला काही घेण्यासारखे आहे का?

निवृत्त_शाखाधिकारी_नांदेड

आपण प्रश्न व्यवस्थित मांडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ मध्ये गांजाची व्याख्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे अशी केलेली असून, शेंड्यांसोबत नसतील तेव्हा बी आणि पाने त्या व्याख्येतून वगळली आहेत. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचे बी, बियांचे तेल आणि बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आपला व्यवसाय मुळात कायदेशीर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पानांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती एनडीपीएसमधून सुटली, तरी आपल्या राज्यात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ त्यांना गाठतो. म्हणून "भांग तर देवाला चालते" या समजुतीवर कोणी पानांचा व्यवहार सुरू करू नये.

आता बँकेच्या भीतीविषयी. "शेंड्यांसोबत नसतील तेव्हा" हे शब्द पुन्हा वाचा. पोत्यात बियांबरोबर वाळलेल्या फुलोऱ्याचा चुरा आला, तर तो माल नेमका काय ठरेल, हे शाखेत बसलेला अधिकारी सांगू शकत नाही; त्याच्याकडे ना प्रयोगशाळा असते ना तेवढे ज्ञान. दुसरीकडे त्याच कायद्याच्या कलम २७-अ मध्ये अमली पदार्थांच्या अवैध व्यापाराला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अर्थसाहाय्य करणाऱ्याला किमान १० आणि कमाल २० वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. शिवाय एनडीपीएसचे गुन्हे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ च्या अनुसूचीत असल्याने त्यातून आलेला पैसा गुन्ह्याचे उत्पन्न ठरतो. कॅश क्रेडिट म्हणजे त्या मालाच्या तारणावर बँकेने स्वतःचा पैसा लावणे होय. एका घाण्याच्या काही लाखांच्या मर्यादेसाठी एवढी जोखीम कोणता अधिकारी अंगावर घेईल? मी नोकरीत असतो, तर मीही फाइल क्षेत्रीय कार्यालयाकडेच ढकलली असती.

लेखी उत्तर का मिळत नाही, याचे एक कारण निव्वळ टाळाटाळ हे असू शकते आणि ते अधिक संभवते. मात्र दुसरेही एक कारण असते, जे ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. एखाद्या खात्याबद्दल बँकेने दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला, तर तो पाठवल्याचे ग्राहकाला कळू देण्यास मनाई आहे. आपल्या बाबतीत तसे झाले आहे असे मी म्हणत नाही. पण शाखाधिकारी गप्प बसतो तेव्हा तो प्रत्येक वेळी उर्मटपणाच असतो असे समजू नये.

लोकपालाकडे जाण्याचा विचार मनात येईल, म्हणून आधीच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार ग्राह्य धरली जात नाही आणि कर्जमर्यादा वाढवणे किंवा न वाढवणे हा व्यावसायिक निर्णयच मानला जातो. अर्जावर काहीच न कळवता महिनोन्‌महिने बसून राहणे, ही मात्र सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते. त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी लागते आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुढे जाता येते. तोंडी फेऱ्या कितीही मारल्या, तरी कागदावर त्या शून्य असतात.

माझा सल्ला असा आहे की, बँकेच्या कायदा विभागाला उद्देशून दोन पानांचे निवेदन द्यावे. त्यात व्याख्येचे कलम, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची अधिसूचना, आपल्या परवान्याची प्रत, पुरवठादाराला ज्या राज्याने लागवडीची परवानगी दिली तिची प्रत आणि प्रत्येक खेपेचा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा. शाखाधिकाऱ्याला निर्णय घ्यायला लावू नका. वर पाठवता येईल असा कागद त्याच्या हातात द्या.

करसल्लागार_संभाजीनगर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. हिशेबाच्या बाजूने एवढीच भर घालतो की, हेम्पची खरेदी, उत्पादन आणि विक्री यांची खाती करडई-जवसापासून पूर्णपणे वेगळी ठेवावीत. बिलावर नुसते "हेम्प" किंवा "भांग बी" असे न लिहिता "खाद्य हेम्प बी, पेरणीस अयोग्य, खेप क्रमांक अमुक" असे वर्णन असावे, आणि बी जीएसटीच्या वर्गीकरणातील तेलबियांच्या १२०७ या शीर्षकाखाली दाखवावे. बँकांची तपासणी प्रणाली शब्दांवर अडते. तेथे संदर्भ वाचणारा माणूस नंतर येतो, आलाच तर. पेमेंट गेटवे देणाऱ्या कंपन्यांचे करार तर त्याहून कडक असतात, कारण त्यांच्यामागे कार्ड कंपन्या आणि त्यांची बँक अशा दोघांचे नियम असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. घाऊक ग्राहकांकडून थेट खात्यावर आरटीजीएस घ्यावे.

परभणीकर_डेन्व्हर

मी मूळचा परभणीचा. येथे कोलोरॅडोत एका क्रेडिट युनियनच्या, म्हणजे आपल्याकडील पतसंस्थेशी मिळत्याजुळत्या संस्थेच्या, अनुपालन विभागात काम करतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

घाणेवाले काका, येथील परिस्थिती आपल्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे केंद्राच्या कायद्याने बी मोकळे सोडले आहे आणि तरीही बँक बिचकते. येथे राज्याने दुकानाला परवाना दिला, पण केंद्राच्या १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजा सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत टाकला. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने गांजा वैध केला आणि १ जानेवारी २०१४ पासून कोलोरॅडोत दुकाने सुरू झाली. मात्र बँका केंद्राच्या देखरेखीखाली असतात आणि केंद्राच्या दृष्टीने त्या दुकानाच्या गल्ल्यातील प्रत्येक डॉलर गुन्ह्यातून आलेला होता.

त्यावर तोडगा म्हणून केंद्रीय अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने १४ फेब्रुवारी २०१४ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी बँकांना परवानगी दिली असे म्हणणे धाडसाचे होईल. खाते ठेवायचेच असेल, तर काय काय करावे लागेल, एवढेच त्यांनी सांगितले. गांजाच्या प्रत्येक खात्याबद्दल संशयास्पद व्यवहाराचा अहवाल द्यावाच लागतो आणि त्याचे तीन प्रकार ठरवले आहेत. व्यवहार राज्याच्या नियमांत बसतो असे दिसत असेल, तर मर्यादित अहवाल. काही काळेबेरे वाटले, तर प्राधान्याचा अहवाल. आणि संबंध तोडायचे असतील, तर समाप्तीचा अहवाल. म्हणजे ग्राहक अगदी सरळमार्गी असला, तरी तो ग्राहक आहे तोवर आम्ही त्याच्याबद्दल ठरावीक मुदतीने अहवाल पाठवत राहतो. हे काम खर्चिक आहे आणि तो खर्च मासिक शुल्काच्या रूपाने दुकानदाराच्याच डोक्यावर बसतो. मोठ्या राष्ट्रीय बँका त्यामुळे लांब राहिल्या आणि हे काम लहान बँका व क्रेडिट युनियनांनी उचलले.

स्वतंत्र संस्था काढण्याचाही प्रयत्न झाला. २०१४ मध्ये कोलोरॅडो राज्याने फोर्थ कॉर्नर नावाच्या क्रेडिट युनियनला खास या व्यवसायासाठी सनद दिली. पण कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने, म्हणजे येथील मध्यवर्ती बँकेच्या प्रादेशिक बँकेने, तिला मुख्य खातेच नाकारले. ते खाते नसेल, तर संस्था इतर बँकांशी पैशांची देवाणघेवाण करू शकत नाही. प्रकरण न्यायालयात गेले, अनेक वर्षे रेंगाळले आणि मूळ हेतू बाजूलाच पडला.

कार्डाच्या बाबतीतही तेच. मोठ्या कार्ड कंपन्या हा व्यवहार स्वीकारत नाहीत, म्हणून काही दुकानांनी एक पळवाट काढली. गल्ल्यावरचे यंत्र विक्रीची नोंद एटीएममधून पैसे काढल्यासारखी करायचे, रक्कम पुढच्या पाच, दहा किंवा वीस डॉलरपर्यंत वाढवायचे आणि वरचे पैसे ग्राहकाला रोख परत मिळायचे. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिसाने याबद्दल ताकीद दिली आणि जुलै २०२३ मध्ये मास्टरकार्डने डेबिट कार्डावरील गांजाखरेदी थांबवण्यास सांगितले. परिणामी रोख रक्कम, तिजोऱ्या, सशस्त्र पहारा आणि दरोड्याची धास्ती हे सारे या धंद्याच्या रोजच्या खर्चात धरलेले असते. त्यात प्राप्तिकराच्या कलम २८०-ई मुळे मालाची किंमत सोडता भाडे, पगार, जाहिरात यांपैकी कोणताही खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. १९८० च्या दशकात अमली पदार्थांच्या तस्करांसाठी केलेले हे कलम आज परवानाधारक दुकानदाराला लागू होते.

परवानाधारक गांजा व्यवसायांना सेवा देणाऱ्या बँकांना संरक्षण देणारे सेफ बँकिंग विधेयक अमेरिकी संसदेत पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ३२१ विरुद्ध १०३ मतांनी मंजूर केले. त्यानंतरही त्याच सभागृहाने ते अनेकदा मंजूर केले. पण सिनेटमध्ये ते अडले. सुधारित विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटच्या बँकिंग समितीने १४ विरुद्ध ९ मतांनी पुढे पाठवले आणि तेथेच थबकले.

आपल्याला उपयोगी पडेल अशी गोष्ट मात्र हेम्पची आहे. डिसेंबर २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला हेम्प नियंत्रित पदार्थांतून वगळला. कायदा झाला, तरी बँका लगेच पुढे आल्या नाहीत. त्याही वर्षभर आपल्या शाखेसारख्याच वरच्या उत्तराची वाट पाहत होत्या. ३ डिसेंबर २०१९ रोजी बँक नियामकांनी संयुक्त निवेदन काढून, केवळ हेम्पची लागवड करतो एवढ्याच कारणाने ग्राहकाचा संशयास्पद अहवाल देण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. जून २०२० मध्ये फिनसेननेही स्वतंत्र सूचना काढल्या. त्यानंतर खाती उघडू लागली. भारतात बियांबद्दल असा स्पष्ट कागद बँकांच्या नियामकाकडून आलेला माझ्या पाहण्यात नाही आणि आपली खरी अडचण तीच आहे, असे मला वाटते.

आमच्याकडे अशा खात्यात आम्ही काय तपासतो, हेही सांगतो. दुकानदाराने जमा केलेली रक्कम त्याने भरलेल्या कराशी जुळते का आणि माल परवानाधारकाकडूनच आला का, हे दोन प्रश्न सर्वांत आधी येतात. आपल्या घाण्याला हेच लावायचे, तर उतारा पाहता येईल. हेम्पच्या बियांत साधारण ३० टक्के तेल असते. लाकडी घाण्यावर त्याहून कमी निघेल. किती बी आले, किती तेल निघाले, किती पेंड उरली आणि किती विकली, याची खेपनिहाय वही दाखवता आली, तर कोणत्याही तपासनिसाचे निम्मे प्रश्न तेथेच मिटतात.

हळद_उत्पादक_वसमत

चर्चा उपयुक्त आहे. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत दोन सूचना वारंवार येतात. एक अशी की, हळदीचा भाव पडला तर हेम्पची लागवड करून बी निर्यात करावे. दुसरी अशी की, आमच्या एका सभासदाच्या नातेवाइकाचे अमेरिकेत गांजाचे परवानाधारक दुकान आहे आणि त्यात भागीदारीसाठी पैसे पाठवावेत. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त_शाखाधिकारी_नांदेड

पहिल्या सूचनेबद्दल स्पष्ट सांगतो: परवानगीशिवाय एकही रोप लावू नका. एनडीपीएसच्या कलम ८ ने लागवडीस बंदी आहे आणि कलम २० नुसार लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. धागा आणि बी यांसाठी लागवडीची परवानगी देण्याची सोय कलम १४ मध्ये आहे आणि तिचा आधार घेऊन उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांच्या आतील टीएचसी असलेल्या वाणांना वाट करून दिली. महाराष्ट्रात तसे धोरण नाही. तुरीच्या पाटात किंवा कापसात गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. "आमचे वाण औद्योगिक आहे" हा बचाव अटक झाल्यानंतर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कोणी ऐकून घेत नाही. त्यातून जामिनाचे नियम किती कठीण आहेत, ते एखाद्या वकिलाला विचारा.

दुसरी सूचना तर त्याहून घातक आहे. आपला एनडीपीएस कायदा परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो. शिवाय जे कृत्य तेथेही गुन्हा आहे आणि येथेही अनुसूचित गुन्हा ठरले असते, त्याचा पैसा भारतात आला, तर मनी लाँडरिंग कायदा त्याला सीमापार गुन्हा मानतो. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने तो व्यवसाय आजही गुन्हा असल्याचे डेन्व्हरच्या सदस्यांनी वर लिहिलेच आहे. परदेशी पैसे पाठवण्याची वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत आहे, हे खरे. पण ती वैध कारणांसाठी आहे. नफा परत आणाल, तेव्हा बँक त्याचा उगम विचारेल. तेव्हा काय सांगणार?

परभणीकर_डेन्व्हर

भागीदारीबद्दल एक जोडतो. येथे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने या धंद्यात नोकरी केली, तरी त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जावर गदा येऊ शकते. एप्रिल २०१९ मध्ये येथील नागरिकत्व विभागाने तसे धोरणच जाहीर केले आहे. त्यामुळे सभासदाचा नातेवाईक अमेरिकेचा नागरिक नसेल, तर आधी त्यालाच सावध करा.

निर्यातीबाबत उरुग्वेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या देशाने २०१३ मध्ये संपूर्ण देशात गांजा कायदेशीर केला आणि जुलै २०१७ पासून औषधांच्या दुकानांतून विक्री सुरू केली. केंद्र आणि राज्य असा भेद तेथे नव्हता. तरीही काही आठवड्यांतच अमेरिकी बँकांनी उरुग्वेच्या बँकांना कळवले की, या दुकानांची खाती ठेवलीत, तर तुमचे डॉलरचे व्यवहार आम्ही करणार नाही. सरकारी बँकेलासुद्धा दुकानदारांना खाती बंद करण्याच्या नोटिसा द्याव्या लागल्या; काही औषध दुकानांनी विक्री सोडून दिली आणि काही रोखीवर आली. डॉलरमधील पैसा कोठे ना कोठे अमेरिकी बँकेतून जातो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्याच कायद्याने गांजा वैध केला आणि त्याआधीच बँक ऑफ मॉन्ट्रियलसारख्या मोठ्या बँकेने या कंपन्यांच्या भांडवल उभारणीत भाग घेतला होता. पण तेथील बँकाही अमेरिकेतील गांजा दुकानांच्या बाबतीत ताकही फुंकून पितात.

घाणा_लातूर

सर्वांचे मनापासून आभार. नांदेडच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे निवेदन तयार करून शाखेत दिले आणि पोच घेतली. शाखाधिकाऱ्यांनी ते त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवले. हातात कागद आल्यावर त्यांचा सूर बराच बदलला, हे मान्य करावे लागेल. क्षेत्रीय कार्यालयाने दोन गोष्टी मागितल्या आहेत: पुरवठादाराच्या लागवड परवान्याची साक्षांकित प्रत आणि तेल व पीठ या दोन्हींचे वेगवेगळे टीएचसी अहवाल. पुरवठादार प्रत पाठवतो म्हणाला आहे. मात्र बियांचा अहवाल असताना तेल आणि पीठ पुन्हा वेगळे तपासण्याचे कारण मला समजले नाही. हा खर्च टाळता येईल का?

अन्नतंत्र_परभणी

खर्च टाळू नका. त्यांनी योग्य तेच मागितले आहे. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकलो आहे आणि तेलबियांवर काम करतो. हेम्पच्या बियांच्या आत टीएचसी तयार होत नाही. बी ज्या कवचासारख्या पानांच्या कुशीत असते, त्यांवर चिकट राळ असते आणि मळणीत ती बियांच्या टरफलावर लागते. टीएचसी स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे बी नीट न चाळता, न पाखडता घाण्यात टाकले, तर टरफलावरची राळ तेलात उतरते आणि बियांच्या नमुन्यात जे प्रमाण दिसले, त्याहून तेलातील प्रमाण जास्त येऊ शकते. उलट पिठात टरफलाचा भाग राहतो, म्हणून त्याचाही आकडा वेगळा येतो. शाखाधिकारी सरांनी सांगितलेला फुलोऱ्याचा चुरासुद्धा याच टप्प्यावर वेगळा होतो. घाण्यात टाकण्यापूर्वी बी चाळून, वाऱ्यावर उपणून घ्या, निघालेला कचरा वजन करून नोंदवा आणि नमुना स्वच्छ केलेल्या बियांचा, तेलाचा व पिठाचा असा एकाच खेपेतून, एकाच दिवशी सील करून पाठवा.

आणि पुरवठादाराला पानाचे चित्र नसलेली पोती पाठवायला सांगा. खाद्य हेम्पच्या वेष्टनावर बियांखेरीज झाडाच्या कोणत्याही भागाचे चित्र छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या त्याच नियमांत मनाई आहे. तुमच्या बाटलीवर ते नसेलच, पण पुढच्या माल तपासणीत फोटो पोत्यांचेच निघतील.